बाकावर बसायचं कुणी?

रोशाइट गावाला बाक मिळाला तेव्हा गावातली बस जाऊन जेमतेम महिना झाला होता. जिल्हा कचेरीच्या भाषेत बस गेली नव्हती, तिच्या मार्गाची पुनर्रचना झाली होती. पुनर्रचनेनंतर ती बायपासवरून तडक म्युलेनबर्ग शहराला जाऊ लागली आणि गावात शिरेनाशी झाली, एवढंच. मग गावाची गैरसोय नको म्हणून चर्चसमोर एक बाक बसवायचं ठरलं.

बाक हिरवागार होता. शेजारी एक खांब आणि खांबाला उलटसुलट करायच्या पाट्या: एक म्युलेनबर्गची, एक रेल्वे स्टेशनची, एक दवाखान्याची. जिथे जायचं असेल ती पाटी पुढे करायची, बाकावर बसायचं, आणि त्या बाजूला निघालेल्या कुणीही गाडी थांबवून आपल्याला न्यायचं. कागदोपत्री त्याचं नाव 'सहप्रवास बाक' असं होतं. आसपासच्या गावांना असे बाक आधीच मिळाले होते, आणि आपल्याला अजून नाही हे सरपंच राइनहोल्ट थिलेनच्या जिवाला फार लागलं होतं. सरपंचकीला पगार नसतो, त्यामुळे माणूस मिळेल त्या मानावर दिवस काढतो.

अपोलोनिया थिलेन त्याची आई. वयाने ऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी अधू, जिभेने ठणठणीत. रविवारी प्रार्थना संपल्यावर अग्निशमन दलाच्या बँडने दोन धून वाजवल्या, पाद्रीबाबांनी बाकावर तीर्थ शिंपडलं (गेल्या वर्षी त्यांनीच सांडपाण्याचा नवा पंप पवित्र केला होता) आणि राइनहोल्टने भाषण केलं. माणसं माणसांच्या जवळ येणार आहेत, असं तो म्हणाला. ती आधीच एकमेकांच्या फार जवळ राहत होती आणि त्याचाच सगळा त्रास होता, असं अपोलोनियाच्या मनात आलं.

"आई, तू बस. फोटो काढू," राइनहोल्ट म्हणाला.

ती मांडीवर पर्स घेऊन बसली. गावपत्रकाचा फोटोवाला म्हणाला, "काकू, जरा वाट बघताय असं दाखवा."

"वाटच बघतेय," ती म्हणाली. "कोण नेतंय मला?"

सगळा जमाव खो खो हसला. सरपंचाची आई मोठी विनोदी, असं एकमेकांना सांगत लोक बिअरच्या टेबलाकडे वळले.

ती विनोद करत नव्हती. वर्षाच्या सुरुवातीपासून दर गुरुवारी ती बसने म्युलेनबर्गला जात होती. घरी सांगायची, केस सेट करायला जाते. इतक्या वेळा केस सेट करून आईचं डोकं दर गुरुवारी जसंच्या तसं कसं परत येतं, हे पोरांच्या कधी लक्षात आलं नाही. ती जायची वृद्धाश्रमात, धाकट्या बहिणीकडे, वालबुर्गाकडे. आणि वालबुर्गाचं नाव थिलेनांच्या घरात घेतलं जात नव्हतं.

बायपासची आखणी झाली तेव्हा सगळ्या गावाचा विरोध होता आणि रस्त्यासाठी घ्यायचं राहिलेलं शेवटचं शेत वालबुर्गाचं होतं. तिने जमिनीच्या कागदावर सही केली. रस्ता झाला, ट्रक बाहेरून जायला लागले, आणि ट्रकवाल्यांवर चालणारी थिलेनांची 'लाल बैल' खाणावळ पाचएक वर्षांत मिटली. पाठोपाठ अलोइस, अपोलोनियाचा नवरा, मिटला. त्यानंतर बहिणी-बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. अख्खी पंचवीस वर्षं गेली. मग या जानेवारीत एका मयतीला वालबुर्गा दिसली, दोन्ही पायांत वेगवेगळे बूट घातलेली, आणि पुढच्याच गुरुवारी अपोलोनिया बसमध्ये चढली.

अडचण अशी होती की वालबुर्गाच्या डोक्यातलं नवं काही टिकत नव्हतं. जुनं मात्र पक्कं होतं. दर गुरुवारी गेलं की समेट टिकायचा. एक गुरुवार चुकला की वालबुर्गाच्या लेखी भांडण पुन्हा चालू. बस बंद झाल्यावर अपोलोनियाने फोन केला, तर पलीकडून सरळ प्रश्न आला, "प्लोनी, आपलं बोलणं बंद आहे ना? मग फोन कशाला केलास?" आणि फोन ठेवला गेला.

उद्घाटनानंतर कॉफीला सगळे अपोलोनियाकडेच जमले. सगळे म्हणजे राइनहोल्ट, मुलगी गेर्लिंडे आणि जावई एवाल्ट. प्लमचा केक होता आणि वाडगाभर फेटलेली साय. भावाबहिणीचं आठवड्यापासून फाटलेलं होतं. बंद खाणावळीचा दिवाणखाना गावाला सभागृह म्हणून द्यावा असं त्याचं म्हणणं, विकून टाकावा असं तिचं. त्यामुळे दोघं एकमेकांशी न बोलता एवाल्टशी बोलत होती, आणि एवाल्ट केकशी.

"बाक छान झालाय," अपोलोनिया म्हणाली. "येत्या गुरुवारी मी बसणार."

"पुन्हा फोटो आहे का?" गेर्लिंडेने विचारलं.

"फोटो नाही. म्युलेनबर्गला जायचंय."

गेर्लिंडेच्या हातातला काटा वरच राहिला. "तू बाकावर बसून जाणार? लोकांच्या गाडीतून? आई, गाव काय म्हणेल? दोन-दोन पोरं असून म्हातारीला रस्त्यावर बसवली!"

"अगं, बाक बसण्यासाठीच आहे ना? तुझ्या भावानेच भाषण केलं."

"आई, तो तुझ्यासाठी नाही," राइनहोल्ट समजुतीने म्हणाला. "ज्यांना न्यायला कुणी नाही त्यांच्यासाठी आहे."

"कुणाला कुणी नाही?"

राइनहोल्टने विचार केला. "ती क्यूपर्सबाई."

"तिला भाचा आहे," गेर्लिंडे म्हणाली. "ती बाकावर बसली तर भाच्याचं नाक कापलं जाईल. मागे ती एकदा स्टेशनवरून चालत आली, तर बिचारा महिनाभर तोंड चुकवत होता."

"मग झेंडर."

"झेंडरकडे गाडी आहे."

"परगावची माणसं," राइनहोल्ट म्हणाला. "पाहुणे. फिरायला येणारे."

"ते गावात येणार कशाने?" एवाल्टने विचारलं. जेवणाच्या टेबलावर एवाल्ट असा प्रश्न वर्षातून एखादाच विचारायचा, पण विचारला की त्यावर उत्तर नसायचं.

"ते जाऊ दे," गेर्लिंडे म्हणाली. "आई, तुला म्युलेनबर्गला जायचंय ना? मी नेते की. एक शब्द टाकायचास."

"तू कशाला? मी नेतो," राइनहोल्ट म्हणाला. "मला तसंही कचेरीत जायचंच असतं."

"तुझ्या कचेरीच्या फेरीत आईला पोत्यासारखी टाकून नेणार? मी सुट्टी काढीन."

"सुट्टी काढून उपकार दाखवणार म्हणजे."

आईला कोण नेणार यावरून दोघांची चांगली जुंपली. अपोलोनियाने दोघांना पुरतं भांडू दिलं, सगळ्यांना कॉफी ओतली आणि मग म्हणाली, "न्या कुणीही. वालबुर्गाकडे जायचंय."

सायीच्या वाडग्यातला चमचा हळूहळू कलला आणि बुडाला. मग भाऊ-बहिणीने त्या रविवारी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं.

"त्या बाईकडे?" गेर्लिंडे म्हणाली.

"तिच्या एका सहीने 'लाल बैल' बंद पडला, आई," राइनहोल्ट म्हणाला.

"कुलूप मी लावलं होतं रे. मला काय सांगतोस?"

"बाबा तीच हाय खाऊन गेले."

"तुझे बाबा सिगारेटने गेले. आणि तू रोज बायपासवरूनच कामाला जातोस. नवे प्लॉट विकताना जाहिरातीत काय छापलंस? 'शांत, ट्रकमुक्त गाव.' शांत कुणी केलं?"

"तो विषय वेगळा आहे," राइनहोल्ट म्हणाला. सरपंच झाल्यापासून त्याच्याकडे बरेच विषय वेगळे असायचे.

"तिच्या डोक्यातून मी चाललेय," अपोलोनिया म्हणाली. तिला हे रडत सांगायचं नव्हतं आणि ती रडलीही नाही. "आता नाही गेले तर ती माझ्याशी भांडलेलीच मरेल. आणि मी तिच्याशी भांडलेली नसताना जिवंत राहीन. हे मला नको आहे."

गेर्लिंडेने रुमालाची घडी घातली. "बरोबर आहे, आई. पण गुरुवारी बालवाडीत पालकसभा आहे."

"गुरुवारी माझी कौन्सिलची बैठक," राइनहोल्ट म्हणाला.

"मी मोकळा—" एवाल्टने सुरुवात केली.

"तुला टायर बदलायचेत," गेर्लिंडे म्हणाली.

"हो. टायर," एवाल्ट म्हणाला. त्याला ते तेव्हाच कळलं.

आणि मग दिवाणखाना सभागृह करायचा की विकायचा यावर भाऊबहीण इतक्या गोडीत बोलू लागली की अपोलोनियाला वाटलं, वालबुर्गाचं नाव आधीच काढलं असतं तर घरात शांतता आधीच आली असती.

गुरुवारी दुपारी तिने चांगला कोट घातला, झाकणाच्या डब्यात प्लमचा केक घेतला, म्युलेनबर्गची पाटी पुढे केली आणि बसली.

पहिली गाडी झेंडरची. तो थांबला, काच खाली केली आणि तोंडभरून म्हणाला, "वा, काकू! शोभतोय हो बाक तुम्हाला! सरपंचांनी खरंच काम केलं!"

"म्युलेनबर्गला चाललास का?"

"हो ना, तिकडेच. येतो हं!" आणि तो गेला.

मग क्यूपर्सबाई भाच्याच्या गाडीतून आली. भाचा थांबला. क्यूपर्सबाई खिडकीतून वाकून म्हणाली, "पुन्हा फोटो काढताहेत का गं, प्लोनी?"

"नाही. वाट बघतेय."

"राइनहोल्ट येईलच," क्यूपर्सबाई म्हणाली, आणि भाच्याला खुणेने पुढे जायला सांगितलं.

पाववाला थांबला. त्याने ताजा पाव दिला आणि विचारलं, थंडी वाजत नाही ना? अग्निशमन दलाचा कप्तान थांबला. त्याने बाकाचे बोल्ट घट्ट आहेत का ते हलवून पाहिलं. समोरच्या घरातली बाई उशी घेऊन आली. जो तो थांबत होता, जो तो कौतुक करत होता, आणि एकही म्हणत नव्हता की बसा. म्हणणार कसा? सरपंचाच्या आईला गाडीत घेणं म्हणजे थिलेनांची पोरं आईला बघत नाहीत असं चारचौघांत जाहीर करणं. रोशाइटमध्ये कुणाचाही इतका अपमान कुणी करत नाही. पाठीमागे करतात, पण तोंडावर नाही. अपोलोनियाला हे चांगलं माहीत होतं. क्यूपर्सबाई या बाकावर बसली असती तर तिनेही हेच केलं असतं. उशीसुद्धा दिली असती.

पाव संपला. तिला पहिल्यांदाच भीती वाटली. आश्रमात संध्याकाळचं जेवण लवकर असतं आणि जेवणानंतर वालबुर्गाला कुणी चालत नाही.

तेवढ्यात छपरावर 'ड्रायव्हिंग स्कूल'चा फलक लावलेली गाडी भर्रकन पुढे गेली, करकचून थांबली आणि मागे मागे येत बाकाशी लागली. आत मेश्टिल्ड होती. राइनहोल्टची बायको, म्हणजे होती. घटस्फोटानंतर म्युलेनबर्गला गाडी शिकवायची, आणि या घरात वालबुर्गाच्या खालोखाल तिचं नाव निघत नसे.

"आई, बसा," ती म्हणाली.

"कुठे जायचंय ते विचार तरी."

"पाटी आहे की. बसा, मागे ट्रॅक्टर आलाय."

अपोलोनिया बसली. गाव सुटल्यावर मेश्टिल्ड म्हणाली, "पाय जरा आवरून ठेवा. शिकवायची गाडी आहे, तुमच्या बाजूलाही ब्रेक आहे."

"तुला लोक काय म्हणतील?"

"मला जे म्हणायचं ते त्यांनी म्हणून झालंय. आता मला कुणालाही गाडीत घेता येतं. सोय आहे तेवढी."

बायपासवर, बर्चच्या रांगेनंतर रस्ता जिथे हलकासा चढतो, तिथे गाडीला गचका बसला. मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. अपोलोनियाने पाय उचलला.

"सांगितलं होतं ना," मेश्टिल्ड म्हणाली. "तुमच्या घरात सगळ्यांचे पाय ब्रेकवरच असतात."

"इथे आमच्या बाबांचे बटाटे व्हायचे," अपोलोनिया म्हणाली. "वालबुर्गाचं शेत."

मेश्टिल्डने गाडीचा वेग थोडा कमी केला आणि ते शेत संपेपर्यंत तसाच ठेवला. याबद्दल अपोलोनियाने तिला मनातल्या मनात बरंच काही माफ केलं.

वालबुर्गा खिडकीपाशी बसलेली होती. तिने दोघींकडे पाहिलं आणि मेश्टिल्डला म्हणाली, "हिला कशाला आणलंस? आमचं बोलणं बंद आहे."

"वालबुर्गा, मी प्लमचा केक आणलाय," अपोलोनिया म्हणाली.

"तिला सांग, मला भूक नाही."

मेश्टिल्डने सांगितलं. अपोलोनिया तिच्या समोरच होती, तरी सांगितलं. मग केक कापला गेला, आणि वालबुर्गाने तो खाल्ला.

"तिला सांग, साखर कमी आहे."

"वालबुर्गा म्हणतात, साखर कमी आहे."

"तिला सांग, प्लमच आंबट होते यंदा," अपोलोनिया म्हणाली. बोलणं सुरू व्हावं म्हणून आली होती आणि आता ती स्वतःच तिसऱ्या माणसामार्फत बोलत होती. तिला हसू येत होतं. घड्याळाकडे बघायचं तिने टाळलं. बाहेर व्हरांड्यात जेवणाच्या गाड्यांची खडखड सुरू झाली होती.

तेवढ्यात दार वाजलं आणि राइनहोल्ट आत आला. लालभडक चेहरा, गळ्यातला टाय मागे उडालेला.

"तू कसा आलास?" अपोलोनियाने विचारलं. "तुझी तर बैठक होती."

"बैठकीतच सात जणांचे फोन आले की तू बाकावर बसली आहेस. आठवा झेंडरचा." तो मेश्टिल्डकडे न बघता बोलत होता. "पळत चौकात आलो तर तू नाहीस. नुसती उशी. दम लागला म्हणून मिनिटभर टेकलो, तर हा झेंडर शहरातून परत येत होता, त्याने गाडी वळवली. म्हणतो, सरपंच, तुम्ही बसलात आणि मी नेलं नाही असं कधी होईल का? त्याच्या गॅरेजची परवानगी माझ्या टेबलावर आहे. मी नको नको म्हणतोय आणि हा दार उघडून उभा. समोरच्या बाया बघत होत्या. माझाच बाक. नाही कसं म्हणणार?"

"म्हणजे चालतो म्हणायचा बाक," मेश्टिल्ड म्हणाली.

"आणि गाडी?" अपोलोनियाने विचारलं.

"गाडी गावातच राहिली."

"मग परत कसा जाणार?"

राइनहोल्टने पहिल्यांदाच मेश्टिल्डकडे पाहिलं. "मागच्या सीटवर," मेश्टिल्ड म्हणाली. "पुढे आई बसतात."

वालबुर्गा मघापासून त्याच्याकडे टक लावून बघत होती. "हा कोण?"

याच मुलाने बारा वर्षांचा असताना, रागाच्या भरात, बापाच्या देखत वालबुर्गाच्या दारावर चुन्याने 'रस्ता' असा शब्द लिहिला होता. आणि त्या वेळी त्याला कुणी ओरडलं नव्हतं. तीही नाही.

"राइनहोल्ट," तो स्वतःच म्हणाला.

"अलोइसचा?"

"हो."

"रस्त्याने आलास?"

अपोलोनियाने डब्याचं झाकण दोन्ही हातांनी धरलं. रविवारी टेबलावर राइनहोल्ट जे जे बोलला होता ते सगळं आता तो इथे बोलू शकत होता, आणि त्याला ते पाठ होतं.

"हो, मावशी," तो शेवटी म्हणाला. "बायपासने."

"कसा आहे?"

"चांगला आहे. रोज त्यानेच जातो मी."

"चांगला असणारच," वालबुर्गा म्हणाली. "जमीन चांगली होती."

मग ती वळली आणि मधल्या मेश्टिल्डला ओलांडून सरळ बहिणीकडे बघत म्हणाली, "प्लोनी, बसलीस काय नुसती? त्याला बशी दे. पोरगं लांबून आलंय."